खालचं प्रत्येक दुखणं मूळव्याध नसतं

संडासच्या जागी दुखलं, खाज आली, रक्त दिसलं किंवा बोटाला गाठ लागली, की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: मूळव्याध. मग मेडिकलमधून मलम येतं, जेवणात सुरण येतो, तिखट बंद होतं आणि भिंतीवरची ‘विना ऑपरेशन, मुळापासून’ ही जाहिरात खुणावू लागते. त्या भागात नेहमी आढळणारे आजार मात्र किमान तीन आहेत: मूळव्याध, फिशर (गुदद्वाराच्या त्वचेला पडलेली चीर) आणि भगंदर (गुदमार्गातून बाहेरच्या त्वचेपर्यंत झालेली पुवाची नळी). तिन्हींची कारणं वेगळी, त्यामुळे उपचारही वेगळे. फिशरला मूळव्याधीचं मलम लावून महिना काढला तर दुखणं जुनाट होतं. भगंदराला गोळ्या देत बसलं तर पू नवी वाट काढतो.

हे तीन आजार वेगळे ओळखायचे तर आतली रचना थोडी माहीत हवी. गुदमार्ग जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या साधारण मध्यावर एक दातेरी रेषा असते. रेषेच्या वर आतड्याचं अस्तर असतं. तिथे कापलं किंवा टोचलं तरी तीव्र वेदना कळत नाही. रेषेच्या खाली त्वचा सुरू होते आणि ती बोटाच्या टोकाइतकी हळवी असते. या मार्गाभोवती स्नायूंची दोन कडी आहेत. बाहेरचं कडं आपल्या ताब्यात असतं, वायू अडवायला आपण तेच आवळतो. आतलं कडं आपल्या इच्छेवर चालत नाही, ते झोपेतही आवळलेलंच असतं. शिवाय रेषेच्या वरच्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या असतात, नळाच्या वायसरसारख्या. नळ घट्ट बंद व्हायला वायसर लागतो, तसं हे तोंड पूर्ण मिटायला या गाद्या लागतात. त्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. त्या सुजून, सैल होऊन खाली घसरू लागल्या की तिला मूळव्याध म्हणायचं.

यावरून घरबसल्याही बराच अंदाज बांधता येतो. रक्त भरपूर, लालभडक, थेंब थेंब किंवा पिचकारीसारखं, पण दुखत अजिबात नाही, तर ते बहुधा रेषेच्या वरचं म्हणजे मूळव्याधीचं. शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखी कळ, नंतर तासभर आग आणि रक्ताची जेमतेम एक रेघ, तर फिशर. गुदद्वाराशेजारी पुळी येते, फुटते, पू जातो, बरं वाटतं आणि महिन्याभराने पुन्हा तिथेच फुगतं, तर भगंदर. एकाच माणसाला दोन आजार असू शकतात हेही खरं.

अंदाजाचं निदान तपासणीनंतरच होतं आणि ती दोन-तीन मिनिटांची असते. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. आधी नुसतं बाहेरून बघतात, मग जेली लावलेल्या हातमोज्याच्या बोटाने आतून चाचपतात, मग प्रॉक्टोस्कोप नावाची बोटभर लांबीची नळी घालून कुंथायला सांगतात. ताजं फिशर असेल तर बोट किंवा नळी त्या दिवशी घालत नाहीत, कारण नितंब हलकेच बाजूला केले तरी चीर दिसते. पोटाच्या सोनोग्राफीत मूळव्याध दिसत नाही, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या वाक्याला इथे काही अर्थ नाही. न तपासताच ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडून मात्र उठून यावं.

मूळव्याध

हिच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त रक्त पडतं, मोड (म्हणजे सुजलेली गादी) बाहेर येत नाही. दुसरीत शौचाच्या वेळी मोड बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने आत ढकलावा लागतो. चौथीत ढकलूनही जात नाही. डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच: ‘माझी कितवी पायरी?’ पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं.

पहिल्या दोन पायऱ्यांत बऱ्याच जणांचं काम चोथ्यावर, म्हणजे अन्नातल्या न पचणाऱ्या तंतूंवर (फायबर), भागतं. नियमित चोथा घेतल्याने रक्तस्रावाचं प्रमाण साधारण निम्म्याने उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा हवा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात तो सुमारे १० ग्रॅम असतो, म्हणजे ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी ६ ग्रॅम देते. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला ३ ग्रॅमसुद्धा नाही. १०० ग्रॅम पेरू सुमारे ८ ग्रॅम देतो. उपासाच्या साबुदाण्यात चोथा जवळजवळ शून्य. नवरात्रात किंवा श्रावणात त्रास उफाळून येतो, त्यामागे पुष्कळदा साबुदाणा आणि कमी पडलेलं पाणी असतं.

चोथा जेवणातून पुरत नसेल तर इसबगोल घ्यावं, पण बहुतेक जण ते चुकीचं घेतात. दोन लहान चमचे भुसा मोठ्या पेल्याभर, म्हणजे अडीचशे मिलिलिटर पाण्यात ढवळायचा आणि फुगून खळ होण्याआधी पिऊन टाकायचा. त्यावर आणखी एक पेला पाणी. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी प्यायलं तर तो अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो. कमी पाण्यात घेतलं तर मल मऊ होण्याऐवजी गच्च होतो आणि मग ‘मला इसबगोल सोसत नाही’ असं वाटतं. सुरुवातीला पोट फुगतं, म्हणून पहिला आठवडा एकच चमचा घ्यावा. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवावं. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. हे रात्रीत पोट साफ करणारं चूर्ण नव्हे.

दुसरी गोष्ट बसण्याची. कमोडवर मोबाइल घेऊन वीस मिनिटं बसलं की त्या गाद्या एवढा वेळ आधाराविना लोंबत राहतात आणि त्यांत रक्त साठतं. पाच मिनिटांत झालं नाही तर उठावं, कळ आली की पुन्हा जावं. पायाखाली वीतभर उंचीचा पाट घेतला तर गुडघे वर येतात, गुदमार्गाचा कोन सरळ होतो आणि कुंथावं कमी लागतं.

एवढ्याने भागलं नाही तर रबर बँड. उपकरणाने मोड आत ओढून त्याच्या मुळाशी इवलंसं रबराचं कडं सोडतात. रक्तपुरवठा तुटतो, तो भाग वाळतो आणि ५ ते १० दिवसांत शौचाबरोबर पडून जातो. भूल लागत नाही, अट एकच की कडं दातेरी रेषेच्या एक-दोन सेंटिमीटर वर बसलं पाहिजे. ते खाली बसलं तर रुग्ण तिथल्या तिथे कळवळतो आणि कडं लगेच कापून काढावं लागतं. बरोबर बसलेल्या बँडनंतर एखादा दिवस नुसतं जड वाटतं, शौचाला आल्यासारखं होतं. ती खरी कळ नसते, जाऊन कुंथू नये. मोड गळून पडतो त्या सुमारास, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात, एकदम रक्त जाऊ शकतं, म्हणून त्या दिवसांत लांबचा प्रवास ठरवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगायचं. बँडनंतर वाढत जाणारी वेदना, ताप आणि लघवी अडणं ही तिन्ही एकत्र आली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. हा प्रकार विरळा आहे, पण जीवघेणा ठरू शकतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करता येत नसतील तर इंजेक्शनची पद्धत सोयीची. बदामाच्या तेलातलं ५ टक्के फिनॉल किंवा पॉलिडोकॅनॉलचा फेस मोडाच्या मुळाशी टोचतात, तिथे व्रण धरतो आणि मोड आक्रसतो. गल्लीबोळातले भोंदूही ‘इंजेक्शन’च देतात. त्यात काय असतं आणि ते कुठे टोचलं जातं याचा पत्ता नसल्याने मांस सडून गुदद्वार कायमचं अरुंद झालेले रुग्ण नंतर शल्यचिकित्सकाकडे येतात.

मोठी तिसरी आणि चौथी पायरी असेल तर शस्त्रक्रिया. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली मांडलेली पद्धत आजही मापदंड धरली जाते. तीन मोड कापून काढायचे आणि दोन जखमांमध्ये त्वचेची शाबूत पट्टी ठेवायची. ही पट्टी राखण्यातच सर्जनचं कसब. ती गेली तर जखमा एकमेकींना मिळून वर्तुळाकार व्रण होतो आणि तोंड आवळतं. पहिल्या शौचाला चांगलंच दुखतं, कामावर परतायला दोन-तीन आठवडे लागतात, पण आजार उलटण्याचं प्रमाण सगळ्या पद्धतींत हिच्यात कमी.

वेदना टाळण्यासाठी पुढे नव्या पद्धती आल्या. इटलीच्या लाँगो यांनी १९९८ च्या सुमारास स्टेपलर पुढे आणला. त्यात मोड न कापता वरच्या अस्तराची कडी कापून गाद्या वर खेचतात. दुखतं कमी. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ईथॉस चाचणीत दोन वर्षांनंतर जुन्या पद्धतीचे रुग्णच बऱ्या स्थितीत होते आणि त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाणही कमी होतं. त्याच वर्षीच्या हबल चाचणीत डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या उपकरणाने) मोडाकडे जाणारी रोहिणी शोधून बांधण्याची पद्धत बँडशी ताडून पाहिली. वर्षभरात पुन्हा त्रास झालेले डॉपलर गटात ३० टक्के होते, एकदाच बँड लावलेल्यांत ४९ टक्के. दुसऱ्यांदा बँड लावायची मुभा धरली की हा फरक बराच पुसट होतो, आणि बँड खूप स्वस्त आहे.

राहिला लेझर. १४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा डायोड लेझर बारीक तंतूने मोडाच्या आत सोडतात, तो आतून भाजून आक्रसतो. दुसऱ्या आणि लहान तिसऱ्या पायरीला हे चांगलं, दुखणं कमी आणि कामावर लवकर परतता येतं. पण बाहेर लोंबणारी कातडी त्याने जात नाही, चौथ्या पायरीला तो पुरा पडत नाही आणि उलटण्याची शक्यता कापून काढण्यापेक्षा जास्त. लेझर हे हत्यार आहे. ‘लेझरने करू’ एवढंच सांगितलं तर ‘लेझरने नेमकं काय करणार?’ असं विचारायला संकोच नको.

गुदद्वाराच्या कडेला रात्रीतून उठलेली निळसर, टणक, प्रचंड दुखणारी गाठ हा आणखी वेगळा मामला. ती बाहेरच्या शिरेत गोठलेली रक्ताची गुठळी असते. पहिल्या ७२ तासांत आलात तर स्थानिक भुलेत गाठ काढून टाकल्याने लगेच आराम पडतो. त्यानंतर ती आपणच ओसरू लागते, मग कोमट पाणी आणि वेदनाशामक पुरे.

फिशर

कडक खडा बाहेर पडताना त्वचेला चीर जाते, बहुतेकदा मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेला. चीर तर बोटालाही पडते आणि चार दिवसांत भरते, मग हीच का भरत नाही? कारण आतलं कडं. वेदनेमुळे ते आणखी आवळतं आणि आवळलं की चिरेचा रक्तपुरवठा तुटतो, मागच्या बाजूला तर तो मुळातच कमी. रक्त नाही तर भरणं नाही. त्यात माणूस भीतीने शौच रोखतो, मल आणखी सुकतो आणि दुसऱ्या दिवशी तीच चीर पुन्हा उसवते. सहा ते आठ आठवडे हे चाललं की कडा जाड होतात आणि बाहेर कातडीचा एक कोंब उगवतो. या कोंबालाच लोक मूळव्याध समजतात.

त्यामुळे उपचाराचा रोख चिरेवर नसून कड्यावर असतो. २ टक्के डिल्टिआझेमचं मलम ते कडं सैल करतं. लावायची रीत अशी: आधी दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसायचं. पाणी मनगटाला सोसेल इतपतच गरम हवं. त्यात मीठ, तुरटी, जंतुनाशक काही घालायची गरज नाही, पाण्याची ऊबच स्नायू सैलावते. मग अंग टिपून कोरडं करायचं, बोटाला हातमोजा चढवायचा आणि वाटाण्याएवढं मलम गुदद्वाराच्या कडेला व नखभर आत लावायचं. ट्यूबचं लांब नोझल आत खुपसायचं नाही. त्याने चीर उसवते आणि औषध कड्याच्या पुढे जाऊन वाया जातं. हे दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे. दुखणं बहुधा दोन आठवड्यांत थांबतं आणि लोक मलम तिथेच सोडतात. वेदना गेलेली असते, चीर पुरती भरलेली नसते. पुढच्या खड्याला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नायट्रोग्लिसरीनचं मलमही तेच काम करतं, पण त्याने पुष्कळांचं डोकं ठणकतं. पहिले काही दिवस ते झोपून लावलेलं बरं. सिल्डेनाफिलसारख्या (लैंगिक ताठरतेसाठीच्या) गोळ्या घेणाऱ्यांनी ते मुळीच वापरू नये, रक्तदाब धोकादायक पातळीला उतरतो. स्टेरॉइड असलेली मलमं आठवड्यापलीकडे नेऊ नयेत, त्वचा पातळ होते.

मलमाने दहातले सहा-सात बरे होतात. उरलेल्यांसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन कड्याला दोन-तीन महिने सैल ठेवतं, तेवढ्यात चीर भरते. त्यानेही जमलं नाही तर आतल्या कड्याचा थोडा भाग बाजूने कापतात. दहा मिनिटांचं काम, नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. मात्र काहींचा वायूवरचा ताबा थोडा ढिला पडतो. म्हणून बाळंतपणात स्नायू ताणला गेलेल्या बायकांमध्ये शक्यतो हे टाळतात. त्यांच्यात कडं आधीच सैल असू शकतं आणि मग कापून मिळवायचं काय? भूल देऊन बोटांनी जोरात ताणण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, कारण ताणताना स्नायू कुठे आणि किती फाटेल याचा हिशेब राहत नाही.

चीर मागे-पुढे नसून कडेला असेल किंवा अनेक चिरा असतील तर क्षय, क्रोन्सचा आजार (आतड्याची जुनाट सूज), एचआयव्ही आणि कर्करोग यांचा विचार करावाच लागतो.

भगंदर

याची सुरुवात गळवाने होते. दातेरी रेषेवर छोट्या ग्रंथी असतात. त्यांतली एखादी तुंबली की पू बाहेरच्या दिशेने सरकतो. बसवत नाही, ठणका लागतो, ताप येतो. हे गळू अँटिबायोटिकने विरत नाही, चीर देऊन पू काढावाच लागतो. मधुमेह असेल तर त्याच दिवशी, कारण इथला संसर्ग तासातासाने पसरून जिवावर बेतू शकतो. पू निघाल्यावरही बऱ्याच जणांत आतलं तोंड उघडं राहतं आणि आतून बाहेरपर्यंत एक नळी तयार होते. तेच भगंदर. हे गोळीने, मलमाने किंवा आहाराने मिटत नाही.

इथे सगळा खेळ एका प्रश्नाचा: नळी स्नायूच्या किती भागातून जाते? थोड्याच भागातून जात असेल तर ती उभी उघडून टाकतात, जखम तळापासून भरत येते आणि नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा काम फत्ते होतं. नळी स्नायूच्या मोठ्या भागातून वर जात असेल आणि ती तशीच उघडली, तर भगंदर जाईल पण शौचावरचा ताबाही जाईल. म्हणून गुंतागुंतीच्या किंवा उलटलेल्या भगंदराला ऑपरेशनआधी एमआरआय काढतात. कुठली फांदी कुठे गेली आहे हे त्यात दिसतं, आणि राहून गेलेली फांदी हेच आजार उलटण्याचं मोठं कारण असतं.

वरच्या भगंदरासाठी स्नायू वाचवणाऱ्या पद्धती आहेत. सैल दोरा ओवून ठेवला की पू साचत नाही, सूज उतरते आणि पुढच्या ऑपरेशनला जागा तयार होते. लिफ्ट ही पद्धत बँकॉकच्या रोजनासकुल यांनी २००७ साली मांडली. तिच्यात दोन स्नायूंच्या फटीत शिरून नळी तिथेच बांधतात आणि तोडतात. दुर्बिणीने किंवा लेझरने नळी आतून जाळण्याच्या पद्धतीही आहेत. लेझरचं यश साधारण दोन तृतीयांश रुग्णांत मिळतं. स्नायू शाबूत राहतो, पण आजार उलटण्याची जोखीम पत्करावी लागते. हा सौदा रुग्णाला आधी नीट समजावून सांगायला हवा.

क्षारसूत्राबद्दल, म्हणजे भगंदरात ओवायच्या आयुर्वेदिक औषधी दोऱ्याबद्दल, दोन टोकाची मतं ऐकू येतात, म्हणून ते काय असतं ते पाहू. सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला अनेक छिद्रांचा ‘शतपोनक’ आजही ओपीडीत दिसतो. आजचं प्रमाणित क्षारसूत्र बनारस हिंदू विद्यापीठात घडलं. २० नंबरच्या लिननच्या दोऱ्याला स्नुहीच्या, म्हणजे निवडुंगासारख्या काटेरी झाडाच्या चिकाचे ११ थर देतात. त्यावर चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे ७ आणि शेवटी चीक व हळदीचे ३, असे एकूण २१ थर. आघाडा तोच, गणपतीच्या पत्रीतला. प्रत्येक थर वाळला की पुढचा. हा दोरा नळीतून ओवून बाहेर गाठ मारतात. आठवड्याने जुन्या दोऱ्याला नवा बांधून ओढून घेतात आणि निघालेला दोरा मोजतात. तो दर आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर आखूड होत गेला तर नळी कापली जाते आहे आणि मागून भरते आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९१ च्या चाचणीत वर्षभरानंतर भगंदर उलटलेले रुग्ण क्षारसूत्रात ४ टक्के होते, शस्त्रक्रियेत ११ टक्के. पण बरं व्हायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेला चार. म्हणजे पद्धत खरी आहे, मात्र वेळखाऊ, आणि दोरा बदलण्याच्या दिवशी आग होते. ती स्नायूही कापतेच, फक्त सावकाश. त्यामुळे वरच्या भगंदरात ‘आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही’ हे म्हणणं बरोबर नाही. आणि ते आयुर्वेदातल्या शल्यतंत्राचं पदव्युत्तर शिक्षण झालेल्या माणसाकडेच करावं.

आपल्याकडे भगंदरामागे क्षयही असू शकतो. काढलेल्या नळीचा तुकडा तपासायला पाठवायचा तो दोन बाटल्यांत: एक फॉर्मॅलिनची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला, दुसरी साध्या सलाइनची, क्षयाच्या चाचणीला. पुष्कळदा सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो आणि मग त्यातून जंतू वाढवून पाहणं शक्य होत नाही. ऑपरेशनआधी हे आठवण करून द्यायला हरकत नाही.

मूळव्याध असली तरी

मूळव्याध सापडली म्हणून रक्त तिथूनच येतं असं नाही. वर मोठ्या आतड्यात गाठ आणि खाली मोड, असं दोन्ही एकाच माणसात असतं. वय ४५ च्या पुढे, रक्त मलात मिसळलेलं किंवा काळपट, शौचाची सवय काही आठवड्यांत बदललेली, वजन घटलेलं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा हिमोग्लोबिन उतरलेलं आणि लोह कमी: यांतलं काहीही असेल तर कोलोनोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासण्याचं, विचारावंच. तरुणांनीही उपचार करून रक्त थांबत नसेल तर ती टाळू नये.

कोलोनोस्कोपीत फसते ती बहुतेकदा तयारी. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी मल काळा आणि चिकट होतो. बिया असलेली फळं आणि पालेभाजी दोन-तीन दिवस बंद. आदल्या दिवशी हलकं खाणं, मग फक्त पारदर्शक पातळ पदार्थ: गाळलेलं लिंबूपाणी, शहाळं, दूध नसलेला चहा. जुलाबाचं औषध दोन हप्त्यांत घ्यायचं, निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं तपासणीच्या दिवशी पहाटे. पहिल्या हप्त्यालाच चार-पाच जुलाब झाले म्हणून पहाटेचा हप्ता गाळणारे बरेच असतात. आतडं स्वच्छ झाल्याची खूण एकच: शेवटी पडतं ते फिकट पिवळं पाणी असावं आणि त्यातून भांड्याचा तळ दिसावा. गढूळ असेल तर जाण्याआधी फोन करून सांगावं.